कामाला बोलावते, निर्णयाला नाही : नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेचं पालकांच्या बाजूने परीक्षण

शाळा दक्षिण-पश्चिम नागपुरातली. खासगी, विनाअनुदानित, सेमी इंग्रजी, पहिली ते चौथी. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत ३६ मुलं. नाव मुद्दाम देत नाही. इथं ज्या गोष्टी तपासल्या आहेत, त्या शहरातल्या कुठल्याही शाळेत जाऊन तपासता येतात. शिकवणं कसं, इमारत कशी, संगणक किती, हे इथं नाही. पालकांना शाळा महिनोन्महिने कशात सामील करून घेते आणि कशातून बाहेर ठेवते, एवढंच पाहिलं आहे. महिन्याचं पत्रक फार चांगलं, कार्यक्रमांची आखणी बरी, फीसारख्या निर्णयांत पालकांचा वाटा जवळजवळ शून्य. पाचपैकी तीन, आणि त्या तिनांतले दोन एकट्या पत्रकाचे.

पत्रक दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघतं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. पुढे तक्ता : तारीख, कार्यक्रम, इयत्ता, वेळ, मुलांनी काय आणायचं, खर्च किती, पालक किती हवेत आणि किती वेळासाठी, जबाबदार शिक्षक कोण. मागे गेल्या महिन्यात गोळा झालेल्या पैशांचा हिशेब आणि पत्रकाचा हिंदीतला सारांश. नागपुरात घरी हिंदी बोलणारे पालक प्रत्येक तुकडीत असतात, त्यामुळे हा सारांश शोभेचा नाही. कागद डायरीत चिकटवूनही येतो. मुलांना शाळेतून आणायला निम्म्या घरांतून आजी-आजोबा येतात. त्यांना व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफचा उपयोग नाही, डायरीचा आहे.

या तक्त्यातला ‘पालक किती हवेत’ हा रकाना सगळ्यात कामाचा. ‘शनिवार, सकाळी ८ ते १०, पालक ६, काम : रांगा लावणे आणि पाणी’ असं लिहिलेलं असलं की नोकरी करणाऱ्यांना महिनाभर आधी सुट्टीचा विचार करता येतो. ‘पालकांनी मोठ्या संख्येने सहकार्य करावे’ असं छापणाऱ्या शाळांत दरवेळी तेच चार पालक येतात आणि उरलेल्यांवर उदासीनतेचा शिक्का बसतो. काम, वेळ आणि संख्या दिली की माणसं येतात. इथं येतात.

रात्री साडेनऊला ‘उद्या मुलांना पांढरा सदरा’ असा निरोप आल्यावर बर्डीच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानांचं शटर पडायच्या आत पोचण्याची शर्यत ज्यांनी लावली आहे, त्यांना शाळेचा दुसरा नियमही आवडेल : तीन दिवस आधी कळवलं नसेल तर विकत आणावी लागेल अशी वस्तू मागायची नाही. ऑगस्ट आणि डिसेंबर सोडले तर नियम पाळला जातो. ऑगस्टात सण एकमेकांच्या अंगावर येतात आणि डिसेंबरात स्नेहसंमेलन, त्यामुळे तिथं कारण समजतं. बदल कळवण्याची पद्धत मात्र समजण्यापलीकडची आहे. दुरुस्त पत्रक ग्रुपवर टाकतात, पण फाइलचं नाव जुनंच. जुनी फाइल ग्रुपमध्ये तशीच राहते, शोधताना तीच आधी सापडते आणि चार-पाच मुलं चुकीच्या दिवशी डबा घेऊन येतात. फाइलच्या नावात तारीख घालायची आणि बदललेली ओळ ठळक करायची, एवढंच काम आहे. ग्रुप दोन आहेत. एकावर फक्त शिक्षक लिहितात, तो ठेवा. दुसरा पालकांचा, तो आवाज बंद करून ठेवा.

विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते. त्यामुळे जुलै हा ओळखीचाच महिना. वर्गशिक्षिकेची पहिली भेट शनिवारी सकाळी साडेआठ ते साडेअकरा. १८० मिनिटं, ३६ मुलं, म्हणजे वाट्याला पाच मिनिटं. एका पालकाने पंधरा घेतली की पुढची दोन घरं कोलमडतात. शाळेने बारा-बारा मुलांचे तीन गट करून प्रत्येकाला एक तास दिला आहे. उशीर झाला तर तो त्या तासापुरता राहतो, पुढच्या गटावर जात नाही. हे चांगलं. पाच मिनिटांत ‘कसा आहे हो आमचा?’ विचारलं तर ‘छान आहे, थोडा बोलका आहे’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी वही उघडून एक पान दाखवावं, वाचताना कुठे अडतो ते विचारावं आणि गृहपाठाला घरी किती वेळ लागतो ते सांगावं. राष्ट्रीय दप्तर धोरण २०२० नुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दप्तराचं वजन पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो. या शाळेत पहिलीचं वजन पाळलं जातं, चौथीचं नाही. वर्कबुकं घरी न्यायला लावतात म्हणून.

ऑगस्ट-सप्टेंबरातला तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा खेळण्यातल्या बैलांचा पोळा, ही या शाळेची सगळ्यात चांगली आखलेली गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे खऱ्या तान्ह्या पोळ्याला, सुट्टी असते आणि इतवारीकडचे रस्ते मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीने भरलेले असतात. म्हणून शाळा आपला पोळा अमावस्येआधीच्या कामाच्या दिवशी भरवते. नियम असे : बैल लाकडाचा किंवा मातीचा, उंची एक फुटाच्या आत, पोटाखाली नाव आणि तुकडी लिहिलेली. मोठ्या किंवा महागड्या बैलाला बक्षीस नाही. बक्षीस झडतीला, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या कवनाला. मोहल्ल्यातल्या तान्ह्या पोळ्यात कमरेएवढे नंदी पुढे असतात आणि छोटा बैल ओढणारं पोरगं मागे हिरमुसतं. उंचीच्या अटीमुळे ते इथं होत नाही. झडती पाठ करून घ्यायचं काम आपोआप आजोबांकडे जातं, आणि पालक सहभागाच्या एरवीच्या व्याख्येत न बसणारी माणसं शाळेत येतात.

बिघडतं ते चाकापाशी. बाजारातल्या छोट्या बैलाच्या पाटीला चाकं नुसत्या खिळ्याने ठोकलेली असतात. अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. चाक दोन ब्लॉकच्या फटीत अडकतं, मूल दोरी हिसडतं, बैल तोंडावर पडतो आणि शिंग तुटतं. त्यावर उपाय घरीच करायचे. खिळ्याचं डोकं आणि चाक यांच्यामध्ये एक छोटा वॉशर घाला, म्हणजे चाक मोकळं फिरतं आणि निखळत नाही. दोरी अडीच फुटांच्या आसपास ठेवा. आखूड दोरीने पुढची चाकं उचलली जातात, लांब दोरी शेजारच्या बैलात गुंतते. दोरी बैलाच्या मानेला बांधू नका, पाटीला बांधा. शाळेने नेमलेल्या सहा पालकांपैकी एकाकडे हातोडी, बारीक खिळे, फेव्हिकॉल आणि सुतळी असते, आणि तासाभरात सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याचभोवती जमते. आंब्याच्या पानांचं तोरण तुटून पोळा फुटला की बोजारा (पोळ्याची बक्षिशी) म्हणून पैसे न देता एक पेन्सिल आणि चिक्की देतात. पैसे घरचे लोक देतातच.

भाद्रपद पौर्णिमा ते कोजागरी या महिन्यातल्या एका शनिवारी भुलाबाई. गाणी आया-आज्या म्हणतात, मुलं बंद डबा हलवून खिरापत ओळखतात. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साहित्याची चिठ्ठी लावायची सक्ती आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल प्रत्येक तुकडीत नसतं, पण असतं तेव्हा हीच चिठ्ठी उपयोगी पडते. तक्रार एकच : पत्रकात फक्त ‘माता पालक’ लिहिलेलं असतं. बाबा लोकांनी सतरंज्या उचलायच्या, एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. याच महिन्यात दसरा येतो आणि दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात. आदल्या दिवसापासून लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनीच्या बाजूला वाहतूक वळवलेली असते. शाळा त्या आदल्या दिवशी लवकर सोडते आणि ते पत्रकात महिनाभर आधी लिहिलेलं असतं. व्हॅनवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, १४ तारखेच्या आसपास आनंदमेळा. कागदावर उत्तम, प्रत्यक्षात अर्धा. सोळा स्टॉल, प्रत्येकावर चार मुलं आणि मागे एक पालक. पाच रुपयांचं एक टोकन, मुलामागे बारा टोकनांची मर्यादा. २८८ मुलं धरली तर सगळी मिळून १७,२८० रुपयांची टोकनं, म्हणजे एका स्टॉलच्या वाट्याला सरासरी १,०८० रुपये. दोन टोकनांची डिश असेल तर १०८ डिश पुरतात. हा हिशेब पत्रकात दिलेला नाही, आणि म्हणून हौशी घरं दोनशे डिशचं सामान आणतात. उरलेली भेळ दुपारी चारला पालकांच्या ग्रुपवर वाटली जाते. पालकांना टोकनं शेवटच्या अर्ध्या तासात मिळतात. हा नियम योग्यच, नाहीतर मोठेच रांगेत पुढे येतात.

शाळेत गॅस पेटवायला बंदी आहे. त्यामुळे भेळ, चिवडा, सरबत, उकडलेले चणे असे पदार्थ चालतात. नागपूर असल्यामुळे एक तर्री-पोह्यांचा स्टॉल असायलाच हवा, आणि तर्री (पोह्यांवरचा तिखट रस्सा) घरून गरम डब्यात येते. ती वाढायची मोठ्यांनीच. चौथीतल्या मुलाच्या हातातला डाव तिरपा झाला की मनगट भाजतं. पोहे दोन तासांत कोरडे पडतात, म्हणून भिजवताना नेहमीपेक्षा थोडे ओलसर ठेवावेत, डबा घट्ट झाकावा, कांदा-सांबार (सांबार म्हणजे कोथिंबीर) वेगळा न्यावा आणि वाढताना घालावा. पाण्याचं गणित शाळा दरवर्षी चुकते. मुलामागे २०० मिलिलिटरचे दोन ग्लास धरले तरी ११५ लिटर लागतं, म्हणजे २० लिटरचे सहा कॅन. आणले जातात चार.

मेळ्याचा हेतू व्यवहार शिकवणं हा आहे. प्रत्येक स्टॉलला हिशेबाचा कागद मिळतो : खर्च, विक्री, शिल्लक. खर्च काढून पालकाला परत, उरलेलं वर्गाच्या पुस्तकपेटीला. पण बहुतेक पालक ‘राहू द्या हो’ म्हणत सामानाचा खर्च लिहीतच नाहीत. मग मुलांना वाटतं की विक्री म्हणजेच नफा. खर्चाचा रकाना रिकामा असेल तर शिक्षिकेने कागद परत द्यायला हवा; तसं होत नाही. आणि पालकांनो, स्टॉलच्या मागे उभं राहा म्हणजे मागेच राहा. सुटे पैसे मोजायचं काम पोराच्या हातातून काढून घेतलं तर तो मेळा तुमचा झाला, त्याचा नाही.

डिसेंबर हा या शाळेचा सगळ्यात कच्चा महिना.

स्नेहसंमेलन उघड्या मैदानात, संध्याकाळी पाच ते नऊ. नागपूरची डिसेंबरची थंडी पाहता पहिलीच्या मुलांचं सादरीकरण सहाच्या आत संपवतात, ही सोय बरी. तरी झिरझिरीत पोशाखाच्या आत पूर्ण बाह्यांचं गरम बनियन घालाच, स्टेजवरून कुणाला दिसत नाही. तारखेचा विचार मात्र केलेला नसतो. याच दिवसांत विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चे निघतात, बर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद होतात. त्या बाजूच्या कचेऱ्यांत काम करणारा पालक पाचला शाळेत पोचू शकत नाही. अधिवेशन संपल्यावरचा आठवडा धरला तर प्रश्नच उरत नाही.

पोशाखाची वर्गणी ३५० रुपये, ‘ऐच्छिक’. शिक्षिका वर्गात उभं करून विचारतात की कोणी दिले नाहीत. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुलंही त्याच वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासाठी शिक्षण मोफत आहे हे शाळेला माहीत आहे, वर्गातल्या त्या प्रश्नाला माहीत नाही. पैसे पाकिटात, नाव न लिहिता, कार्यालयातल्या पेटीत घेता येतात. किंवा गणवेशावर एक रंगीत ओढणी-फेटा असं नृत्य बसवता येतं, आणि खर्च पन्नाशीच्या आत राहतो. विशिष्ट दुकानातूनच पोशाख घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. इथं सक्ती नाही, पण दुकानाचं कार्ड डायरीत येतं. फरक तुम्हीच ओळखा.

आणि याच गडबडीत वर्षातली सगळ्यात महत्त्वाची बैठक होऊन जाते. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा आणि प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. त्यातून कार्यकारी समिती होते, पालक सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले जातात आणि यादी सूचनाफलकावर लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव, शिवाय प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. चार इयत्तांच्या शाळेत हे १३ जण होतात, त्यात सात पालक. म्हणजे कायद्याने पालकांचं बहुमत आहे. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव या समितीपुढे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी ठेवायचा असतो. जूनअखेर उघडणाऱ्या शाळेसाठी तो महिना डिसेंबर. समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा, आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बांधलेली.

या शाळेत चिठ्ठ्या पडत नाहीत. मुख्याध्यापिका ‘उत्साही पालकांना’ विचारतात, ते हो म्हणतात. यादी फलकावर लागते, पण स्नेहसंमेलनाच्या पोस्टरखाली. प्रस्तावाची बैठक संमेलनाच्या तालमीच्या दिवशी दुपारी, अर्ध्या तासाची. जमाखर्चाचे कागद बैठकीतच हातात देतात. सात जणांनी घरी नेऊन वाचायला हवेत ते कागद चहाच्या कपाबरोबर परत घेतले जातात. समितीची बैठक दर तीन महिन्यांनी हवी, आणि जे पत्रक सतरंज्या उचलायला किती माणसं हवीत ते महिनाभर आधी छापतं, त्यात या बैठकीची तारीख कधीच नसते.

इथं एक गोंधळ पालकच करतात. ‘शाळा व्यवस्थापन समिती कुठे आहे?’ असं विचारतात. शिक्षण हक्क कायद्यातली ती समिती, ज्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीबद्दलच विचारायचं. चुकीच्या समितीचं नाव घेतलं की कार्यालयातून ‘ती आम्हाला लागू नाही’ हे खरं उत्तर मिळतं आणि विषय संपतो.

जानेवारीत ३ तारखेला सावित्रीबाई फुले जयंती, मग संक्रांत. नायलॉन मांजाविरुद्ध मुलांची शपथ सगळ्याच शाळा घेतात. ही शाळा पालकांच्या सहीचा कागद घेते, ते जास्त शहाणपणाचं, कारण मांजा विकत घेणारे पालकच असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला तो झाडांवर लटकलेला दिसतो. महिनाभर मुलाला स्कूटरवर पुढे उभं करू नका, आणि चालवणाऱ्याने गळ्याला जाड मफलर गुंडाळा.

दर शनिवारी चालणारा ‘वाचन पालक’ हा तास फारसा कुणाच्या लक्षात नाही, पण चांगला आहे. एका पालकासमोर सहा मुलं, वीस मिनिटं, एक पातळ पुस्तक. सूचना एका ओळीची : मूल अडलं तर मनात पाच आकडे मोजा आणि मगच शब्द सांगा. बहुतेकांना दोनच मोजवतात. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, हीच सहा मुलं मोठ्याने वाचतात, आणि शनिवारी नियमित आलेल्या पालकांचे गट लगेच ओळखू येतात. सहलीही याच महिन्यात : रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग किंवा नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. दहा मुलांमागे एक पालक नेतात, प्रमाण ठीक आहे. मार्चपासून शाळा सकाळची आणि कार्यक्रम बंद, पत्रक एका बाजूपुरतं.

व्हॅनबद्दल थोडक्यात. स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा. इथं आहे. प्रतिनिधीचं नाव विचारलं तर कार्यालयात दोन मिनिटं शोधाशोध होते, पण सापडतं.

प्रवेशासाठी जाणार असाल तर गेल्या जुलैचं आणि डिसेंबरचं पत्रक मागा, लगेच देतात. सोबत कार्यकारी समितीची यादी आणि शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त पाहायला मागा. प्रवेश झाल्यावर, पहिल्या तीस दिवसांतच, समितीसाठी इच्छुक असल्याचा अर्ज द्या आणि त्यात ‘निवड चिठ्ठ्यांद्वारे व्हावी’ हे वाक्य लिहा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. कार्यालयातल्या ताई ‘पोच कशाला, ठेवून घेते ना’ म्हणतील. तरी शिक्का मारून घ्या.